व्हिनेगरवरचा गूळ

सकाळी ताई ओट्यापाशी उभी राहते, नाक दाबते आणि पाण्यात कालवलेलं सफरचंदाचं व्हिनेगर एका दमात पिते. तिचं तोंड वेडंवाकडं होतं. लगेच आई तिच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवते. औषधावर काहीतरी गोड द्यायचं, ही आमच्या घरची लहानपणापासूनची रीत. वजन उतरवायच्या औषधावर गूळ, हे दोघींच्याही लक्षात येत नाही. लक्षात आणून देऊन आईचा तेवढा हात कशाला अडवायचा?

डॉक्टर म्हणाले होते, "यानं फारसं काही होत नाही. दात मात्र आंबतील." तरी बाटली संपली की नवी येते. दुसरं करायचं तरी काय? माणसं ताईला बघायला येतात, पोहे खातात आणि 'मुलगी अंगानं जरा जास्तच आहे' असं कळवतात. त्यानंतरची तोंडाची चव कशानं जाते, हे कुणीच सांगत नाही.

काल पुन्हा तसाच फोन आला. आईनं तो ठेवला, सवयीनं डबा उघडला आणि ताईच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. ताईनं तो चघळला. मग बाटली उजेडात धरून, उद्यापुरतं उरलंय का ते पाहिलं.