पाहुण्यांच्या पोटावर आमचं रान

माझ्यावर एकानंही विश्वास ठेवला नाही! नवऱ्यानं नाही, पोटच्या पोरीनं नाही. फजिती झाली ती झाली, पण आधी ऐका, मग काय दात काढायचे ते काढा.

आमच्या प्रियांकाला बघायला भिगवणचे पाहुणे आले होते. स्थळ झकास. पोरगा बारामती एमआयडीसीत कामाला, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. त्याचे वडील तात्या फोनवर म्हणालेले, "आमाला काय बी नगं. नारळ आन् मुलगी द्या." असं स्थळ हातचं घालवायचं का?

पोह्यांची ताटली घेऊन पुढं गेले आणि बघतच राहिले. तात्यांच्या सुती शर्टावर आमचं रान! अहो, खोटं कशाला सांगू? तोच ओढा, ओढ्यात उभी बैलगाडी, काठाला तीच बुटकी कौलारू खोली, मागं त्याच दोन चिंचा. ढगसुद्धा आमचेच!

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. म्हणजे हे लोक गुपचूप येऊन रानाचे फोटो काढून गेले! यांना मुलगी नको, आमचं पावणेतीन एकर हवंय. एकुलती एक पोर, उद्या सगळं यांच्याच घशात. आणि वर शर्टावर छापून आमच्याच घरी मिरवायला आले!

"तात्या, मागं वळा."

"आँ?"

"वळा म्हणते न्हवं!"

वळले बिचारे. पाठीवर उरलेला एकर!

आमचे मालक पुटपुटले, "अगं सुमन, शर्ट हाय तो. गप बस."

"तुमी गप बसा! सोताचा बांध वळखू येत न्हाय व्हय तुमाला?"

तरातरा आत गेले, ट्रंकेतून रानाचा सरकारी नकाशा काढला आणि सरळ तात्यांच्या पोटाला लावला. ओढा बरोबर बगलेत. तिथं बोट ठेवलं तर तात्यांना गुदगुल्या! विहीर मात्र कुठं सापडेना.

"इहीर कुठं हाय? पँटीत खोचली व्हय?"

तात्या दोन्ही हातांनी कंबर धरून भिंतीला टेकले.

"मावशी," पोरगा हात जोडून म्हणाला, "इंग्लंडातलं दोनशे वर्साचं जुनं चित्र हाय हो ते. असली चित्रं आता कापडावर छापत्यात. तात्यांसाठी मीच मोबाईलवरनं मागवलाय."

"इंग्लंडात आमचा वढा कसा गेला रं?"

त्यानं मोबाईल दाखवला. तेच रान बायकांच्या गाऊनवर, पोरांच्या चड्डीवर, उशीच्या अभ्र्यावर! माझा पारा आणखीनच चढला.

"अगं बया! आमचं रान समद्या जगाला वाटून टाकलं की!"

तेवढ्यात प्रियांका बाहेर आली. रडवेल्या तोंडानं शर्टाजवळ वाकून म्हणाली, "आई, गाडीला घोडी हायत. आपल्या रानात घोडं कवा आलं हुतं?"

चष्मा पुसून बघितलं. घोडीच होती मेली.

नकाशाची घडी मी उलटीसुलटी घातली. रागानं, लाजेनं नव्हे. पाहुणे पोहे तसेच टाकून गेले.

तिसऱ्या दिवशी तात्यांचा फोन. मालकांनी स्पीकरवर लावला.

"मुलगी पसंत हाय. फुडच्या बोलणीला भिगवणला या. चुलतं आणा, मामं आणा, सारं गाव आणा. फकस्त एक माणूस आणू नगा."

"कोण वं तात्या?" मीच ओरडून विचारलं.

"सुमनताई."