एक दाबा, रंभाबाई

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत रंभाबाईंनी निम्मे आयुष्य कामे केली. कधी नायिकेची मैत्रीण, कधी सावत्र आई. मग गुडघे कुरकुरू लागले आणि भूमिका थांबल्या. उरला आवाज. नाटक मंडळीच्या मनिषने तो संगणकात भरला. धानाची कापणी आटोपली की ते यंत्र आपोआप गावोगावचे नंबर फिरवी आणि लाखनीपासून पवनीपर्यंत लोकांच्या कानांत रंभाबाई म्हणत, "आज नाटक आहे, लेकराबाळांना घेऊन या. जागा राखायची असेल तर एक दाबा."

त्या वेळी त्या स्वतः घरी तांदूळ निवडत बसलेल्या असत. इतक्या घरांत बोलायचे आणि एकाही घराचे उत्तर ऐकू यायचे नाही, हे त्यांना मेल्यावर बोलल्यासारखे वाटे.

यंदा मंडळीने त्यांना पुन्हा भूमिका दिली. म्हाताऱ्या आईची, एका प्रयोगापुरती. मांडव भरला तर पुढचे प्रयोगही त्यांचेच. नेमके प्रयोगाच्याच दिवशी दुपारी मनिषचे सगळे सिम बंद झाले. जाहिरातीच्या फोनसाठी नोंदणी लागते, वेगळा नंबर लागतो, नको म्हणणाऱ्यांना लावता येत नाही. मनिषने साध्या सिमवरून सरसकट सगळ्यांना लावले होते. कुणीतरी तक्रार केली.

"बरोबर केलं त्यानं," रंभाबाई म्हणाल्या. "मले बी लोनवाले धड जेवू देत नाही. आण माहा फोन, मीच लावतो ओळखीच्यांले."

पहिला फोन हायवेवरच्या चहाटपरीवाल्या तुलारामला.

"मी रंभाबाई बोलून राहिली. आज नाटक..."

"माहीत आहे व बाई. रोज तेच. तोंड नाही दुखत का तुहं?" तुलाराम गिऱ्हाइकांकडे बघत म्हणाला. यंत्राशी तो असाच बोले.

"दुखते न. पण तुह्या चहात साखर किती टाकतं गा? परवा माहे दात चिकटले."

"मशीन उत्तर देऊन राहिली," तो कुणाला तरी म्हणाला. मग फोनमध्ये, हळूच, "एक दाबू का?"

"दाब. अन टपरी बंद करून ये."

टपरीवरून बातमी निघाली : नाटकवाल्यांचे मशीन आता उलट उत्तर देते. मग लोकच त्या नंबरवर फोन लावू लागले. गावातल्या गोदावरीबाईने विचारले, रुसलेली सून माहेरून कधी येईल.

"तू आठवडाभर तोंड आवर, येते," मशीनने सांगितले. "तोवर नाटक पाहून घे."

रात्री मांडवात पाय ठेवायला जागा उरली नाही. पडदा उघडला. आई झोपडीतून काठी टेकत बाहेर आली. "आलास का, बाळा?"

तोच आवाज. फोनमधला. मागून तुलाराम ओरडला, "आलो व माय. एक दाबू का?"

हशा उसळला. मुलाच्या भूमिकेतला धनंजय वाक्यच विसरला. रंभाबाईंनी काठी तुलारामवर रोखली. "दाब बापा. पण आधी बूड टेक, मागच्यांले दिसून नाही राहिलं."

विंगेतून मनिषने खुणेने सांगितले, पुढचे प्रयोग तुमचेच. हशा ओसरेपर्यंत रंभाबाई थांबल्या. मग धनंजयकडे वळून त्यांनी आपले वाक्य पुन्हा म्हटले, आणि या वेळी मांडव नुसता ऐकत राहिला.