सारीच्या डोळ्यांत बघायचं नव्हतं

मंडळी, आज सकाळी सारी गेली. माणसांच्या तावडीतून सोडवलेल्या माकडांचं एक केंद्र इंडोनेशियात आहे, तिथे मी दोन महिने स्वयंसेवक म्हणून आलेय. सारी इथली म्हातारी माकडीण. जवळजवळ सगळं आयुष्य एका हॉटेलच्या पिंजऱ्यात काढलेली.

मी पेणजवळच्या जोह्याची. आमच्या मूर्तींच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी बाबा आणि मी करतो. त्यामुळे कुणीही समोर आलं की माझी नजर आधी डोळ्यांवर जाते. माकडांना रोखून बघितलं की ती घाबरतात, हे इथे आल्या आल्या सांगितलं होतं. तरी पहिल्याच दिवशी सवयीने मी सारीकडे टक लावून बघितलं. ती थरथरत कोपऱ्यात गेली आणि दोन दिवस जेवली नाही. माझ्यामुळे.

तेव्हापासून मी मान खाली घालूनच केळं पुढे करायचे. हळूहळू ती हातातून घ्यायला लागली.

आज तिला पुरण्याआधी तिचं तोंड पुसायचं काम माझ्याकडे आलं. डोळे उघडेच होते. माझा हात पुढे जाईना. बाबांना फोन लावला.

"बघ गो आता," बाबा म्हणाले. "आता ती घाबरायची नाय."

बघितले. मधाच्या रंगाचे होते.

फोन ठेवला आणि आणखीच रडू आलं. इतकी वर्षं आम्ही शेजारी बसून डोळे आखतोय, दोघंही मान खाली घालून. बाबांच्या डोळ्यांचा रंग काही केल्या मला आठवेना.

तुम्हाला आठवतो का तुमच्या बाबांचा?