अमेरिकन मूव्हमेंट्सची वही

एम.ए.ला मी आधुनिक अमेरिकन कवितेचा पेपर घेतला, कारण तो सोपा असतो असं कुणीतरी सांगितलं होतं. सांगणाऱ्यानं स्वतः तो घेतला नव्हता. जबलपूरच्या आमच्या कॉलेजात या विषयाचं एकच पुस्तक होतं आणि ते कायम सरांच्या बगलेत असे. सर वर्षभर अमेरिकेत राहून आले होते, त्यामुळे थंडीत टाय लावत आणि टायवरून मफलर गुंडाळत. ते पुस्तकातून सांगत, आम्ही चौघं लिहून घेत. म्हणजे मी लिहून घेत असे. दोघे मुलगे वहीत क्रिकेटचे स्कोअर मांडत आणि माझी मैत्रीण माझ्या भरवशावर खिडकीबाहेर बघत बसे. अख्ख्या वर्गाची अमेरिका माझ्या एका बारीकशा वहीत होती.

वहीवर मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘अमेरिकन मूव्हमेंट्स’. तिकडे कवितेच्या फार चळवळी. इमेजिस्ट म्हणत, एकही शब्द फालतू नको. बीटवाले म्हणत, शब्द कसले मोजता, दम संपेपर्यंत लिहा. मग कन्फेशनल आले, म्हणजे कबुली देणारे. ते घरातलं सगळं चव्हाट्यावर मांडत. सरांनी आम्हालाही एक कबुली लिहायला लावली. इंग्रजीत कबूल करण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर मी तीन ओळी मराठीत लिहिल्या आणि सरांना दाखवल्या नाहीत.

बाबा तोफगोळ्यांच्या फॅक्टरीत तपासनीस होते. त्यांनी मला आधीच बजावलं होतं, “सेकंड क्लास आला तर पुढं शीक. नाही तर चलो, स्थळं पाहू.” पेपर जानेवारीत होता.

आणि एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई लागली. खिडक्यांना काळे कागद लागले, बाबांना रोज ओव्हरटाइम. तसे ते एरवीही कमीच बोलत, आता तर मीठही न मागता सट हातानंच ओढून घेत. फॅक्टरीतल्या माणसाला एकच शिकवण होती, मालाच्या मूव्हमेंटबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नाही. मूव्हमेंट म्हणजे मालगाडीचे भरलेले डबे केव्हा, कुठं निघाले ते. कागदाचा चिटोराही गेटबाहेर नेता येत नसे, म्हणून बाबांना मापं तोंडपाठ ठेवायची सवय होती.

माझी मैत्रीण ब्लॅकआउटला घाबरून मझौलीला आपल्या घरी गेली होती. तिथून तिनं मला पत्र धाडलं, तेही उघडं पोस्टकार्ड, आणि पोस्टमननं ते नेमकं बाबांच्या हातात दिलं. त्यावर लिहिलं होतं, “अमेरिकन मूवमेंट की पूरी जानकारी जल्दी भेजो. सर को मत बताना.”

त्याच आठवड्यात अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघाल्याची बातमी रेडिओवर होती.

दोन दिवसांनी सकाळी मी वही शोधू लागले. कपाट झालं, गादीखाली बघून झालं. बाबा बूट घालत होते. मान वर न करता म्हणाले, “बंबात टाकली.”

“तरीच आज पाणी लवकर तापलं,” आई म्हणाली.

मी किंचाळलेच. “काहून जाळली? त्या कवितेच्या मूव्हमेंट्स होत्या, बाबा! कवितेच्या!”

“कवितेची कुठं मूव्हमेंट होते?” त्यांनी खिशातून ते पोस्टकार्ड काढलं. “तिकडून अमेरिकेचं आरमार येऊन राहिलं, अन् माझ्या पोरीला लोक पोस्टकार्डावर अमेरिकन मूव्हमेंट विचारून राहिले! उद्या गेटवर मला कोणी विचारलं तर काय सांगू, कविता?”

मी पंधरा दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते ध्यानात आलं की नाही, कोण जाणे. लढाई संपली, खिडक्यांचे कागद निघाले, पेपर मात्र जिथल्या तिथं होता. सरांकडे पुस्तक मागायला मी गेले, तर ते सुट्टीवर गावी गेलेले, पुस्तकासकट. मी मनातल्या मनात स्थळांची तयारी करू लागले.

ओव्हरटाइम थांबल्यावर सुट्टी मिळालेल्या पहिल्या रविवारी दुपारी बाबांनी कोरी वही माझ्यापुढे टाकली आणि ते खुर्चीत ताठ बसले. “लिही,” म्हणाले. “पान पहिलं. इमेज-जाम.”

“इमेजिझम,” मी म्हटलं.

“तेच. फालतू शब्द नको. बरोबर बोलला तो माणूस, ड्रॉइंगमध्येही असंच असते.”

जाळण्याआधी त्यांनी वही तीनदा वाचली होती. पोरीनं नक्की काय काय फोडलंय, हे त्यांना पाहायचं होतं. समजलं काहीच नव्हतं, म्हणून सगळं मापांसारखं पाठ झालं होतं. कुठं स्वल्पविराम होता तेही ते सांगत. बीटवाल्यांपाशी ते थांबले. “हे लोक कामावर केव्हा जातात?” मला हसू आलं आणि हसता हसता माझा राग कुठल्या कुठे गेला. आईनं दोनदा चहा दिला. दिवेलागणीला कन्फेशनलही संपले.

“झालं,” मी घाईनं वही मिटली.

“शेवटचं पान राहिलं. लिही.”

मग ते त्याच सपाट आवाजात सांगू लागले आणि माझ्याच ओळी मला त्यांच्या तोंडून उतरवून घ्याव्या लागल्या.

“बाबा भोंग्याला घरी येतात. पुढची ओळ. जेवतात, बूट पुसतात. पुढची ओळ. माझ्याशी कधीच बोलत नाहीत.”

माझी मान वर होईना. मला इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

बाबांनी घसा खाकरला. “यात एक शब्द फालतू आहे,” ते म्हणाले. “तो ‘कधीच’ काढ.”

मी तो खोडला.