मयताकडे तोंड केलेल्या पेट्या

माझ्या धाकट्या जावेचा आवाज गेला तेव्हा तिला साठी लागायची होती. गळ्यातली गाठ काढली, जीव वाचला, पण आवाजाची नस दुखावली. बोलायला गेली की हवाच जास्त यायची, अगदी जवळ असलं तरच शब्द कळायचे. आमच्या पाच बायकांच्या भजनात पुढे म्हणणारी तीच. तीस वर्षं ती पुढे आणि मी तिच्या मागून. मी चौथी शिकलेली, ती तेवढीही नाही, पण तिला कधी वही लागली नाही.

आमच्यात मयताला निजवत नाहीत. अंघोळ घालून, विभूती लावून भिंतीला टेकवून बसवतात आणि माती द्यायला नेईपर्यंत समोर भजन चालतं. ते त्या माणसाला ऐकवायचं असतं. पेठेत कोणी गेलं की आम्हाला बोलावणं येतं. गाठ काढल्यावर जाऊ मागे बसून नुसते टाळ वाजवायची. बाकीच्या तिघी मला म्हणू लागल्या, आता तुम्हीच पुढे बसा. हे तिच्या कानावर गेलं. तिनं मला चुलीपाशी गाठलं.

"अक्का, माइक घेतला तर?"

"मयताला जातो आपण, वरातीला न्हाय."

"पलीकडच्या पेठेतल्या बायका नेतात की. मेलेला उठून बसला व्हय?"

"बसलेलाच असतोय."

ती हसली. त्या हसण्यालाही आवाज नव्हता.

सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत एक म्हातारा होता. लग्नाला कर्णे, स्पीकरच्या पेट्या भाड्यानं द्यायचा. डीजे आल्यावर त्याला कोणी विचारेना, म्हणून सामान विकायला काढलं होतं. त्याच्याकडून आम्ही आवाज वाढवायचं एक मशीन, दोन उभ्या पेट्या, एक माइक आणि वायरींचा गुंडाळा घेतला. कुठली वायर कुठं, ते त्यानं दोनदा लावून दाखवलं. मग म्हणाला, "माँ, एक बात याद रखो. पेटी आगे, माइक पीछे. माइक कू पेटी का मूं दिखाव नक्को. दिखाए तो चिल्लाती."

"का वो?"

"अपनीच आवाज सुनके पागल हो जाती."

माइकच्या जाळीला दुसऱ्यांच्या थुंकीचा आणि तंबाखूचा वास होता. जावेनं ती साबणानं धुतली, उन्हात वाळवली. घरात पेट्या दाराशी गल्लीकडे तोंड करून ठेवल्या आणि ती मागे चटईवर बसली. मी बटण फिरवलं. आवाज जुना नव्हता, घोगरा होता, पुरुषासारखा. पण शब्द न् शब्द कळत होता. शेजारणी दारात येऊन उभ्या राहिल्या. तिनं लागोपाठ तीन भजनं म्हटली आणि उठताना मशीनला हात लावून नमस्कार केला.

आठवड्याच्या आत बोलावणं आलं. आमच्या मागच्या गल्लीतले धान्याच्या दुकानाचे मालक सकाळी गेले होते. दुपारी माती होती. सामान रिक्षात घालून नेलं. मांडणी माझ्याकडे होती.

समोर भिंतीला मयत बसवलेलं. पेट्या आमच्या पुढे ठेवायच्या म्हणजे आमच्या आणि मयताच्या मधे. तिथं सुना हार ठेवत होत्या. आणि मयत झाकेल असं काही मधे उभं करावं हे मनाला पटेना. ऐकवायचं तर त्यांनाच. म्हणून मी दोन्ही पेट्या आमच्या पाठीमागे ठेवल्या, मयताकडे तोंड करून. चौघींनीही माना डोलावल्या.

जावेनं पहिली ओळ उचलली आणि पेट्या किंचाळल्या. लहान पोरं रडायला लागली. गेलेल्यांच्या बायकोनं दोन्ही हात कानांवर ठेवले, स्वतःच्या नव्हे, नवऱ्याच्या.

मी बटण उतरवलं. तर जाऊ ऐकूच येईना. थोडं चढवलं, पुन्हा किंकाळी. तिसऱ्यांदा झालं तेव्हा दाराशी उभा असलेला एकजण म्हणाला, "मयताला बी पळवून लावताय का." थोरला मुलगा म्हणाला, "मावशी, बंद करा ते."

मी वायर उपटली आणि ओळ माझ्या तोंडानं सुरू केली. बाकीच्या तिघींनी लगेच धरली. जाऊ तोंडाशी माइक धरून म्हणतच होती. ओळ संपेपर्यंत म्हणत होती. मग तिनं माइक मांडीवर ठेवला. टाळ घेतले नाहीत. उचलायची वेळ होईपर्यंत मी पुढे म्हणत राहिले आणि माझा आवाज त्या दिवशी चांगला लागला होता.

पेट्या बाजूला सरकवायचं माझ्या डोक्यात आलं होतं. दुसऱ्या किंकाळीलाच आलं, त्या म्हाताऱ्याचं बोलणंही आठवलं. भरल्या घरात पेट्या ओढत बसणं बरं दिसलं नसतं, असं मी सगळ्यांना सांगते. ते निम्मं खरं आहे. निम्मं असं की तीस वर्षं मी मागून म्हणत होते.

पुढच्या वेळी जाऊ आली नाही. माइक माझ्यापुढे होता आणि पेट्या मयताच्या बाजूला जरा अंतरावर, माइककडे पाठ करून ठेवल्या. घरच्यांनी हूं की चूं केलं नाही, पेट्याही ओरडल्या नाहीत. घरी येऊन मी जावेला सांगितलं, "आता जमतंय. चल तू."

ती भाकरी थापत होती. म्हणाली, "त्या दिवशी तुमाला सुचलं न्हाय व्हय, अक्का?"

"न्हाय."

"बरं."

एवढंच. पुन्हा तिनं विचारलं नाही आणि ती भजनालाही परत आली नाही.