जेवायले कोण वाढे?

"घरी तुले जेवायले कोण वाढे?"

समोर कुणीही असो, आमच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच. विचारून झालं की पेन टेबलावर आडवं ठेवायचं, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं. सत्तरच्या दशकात मी नागपूरच्या एका मनोरुग्णालयात टायपिस्ट होते. कोर्ट खुनाच्या आरोपींना तपासणीसाठी पाठवायचं, आणि डॉक्टरांचे अहवाल माझ्या मशीनवर टाइप व्हायचे. सुरुवातीला मी डबा न उघडताच घरी परत न्यायचे. पुढे मी डबा खाता खाता टाइप करू लागले. माणूस कशालाही सरावतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

"बाई, खुनी जन्मत नाही, घडते," असं ते म्हणायचे. लहानपणी खाल्लेला मार, डोक्याला झालेली इजा, मांजराकुत्र्यांचा छळ, कधीच न मिळालेली माया. शिवाय, एकदा मारल्यावर ज्याला आपण कुणीतरी आहोत असं वाटतं, तो पुन्हा मारतो. हे ऐकून आमच्या हेडक्लार्कनी धसकाच घेतला. त्यांचा मुलगा पाली मारायचा. त्यांनी आठवडाभर त्याला स्वतःच्या हातानं दूधभात भरवला. पोरगं नववीत होतं.

डॉक्टरांचा एक नियम मात्र कडक होता. अहवालात 'माहिती देणार' असा रकाना असे. तिथे आई, भाऊ, घरच्या कुणाचं तरी नाव आल्याशिवाय ते सही करत नसत.

एकदा कुहीकडच्या एका खेड्यातला माणूस आला. वर्षभरात त्यानं चार वाटसरूंना एकेक करून मारलं होतं. बोलणं मऊ, नजर खाली. डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"कोणीच नाही जी. जेवायले बसलो का माय हाकलून दे."

डॉक्टरांचे डोळे भरून आले. मला मात्र वाटलं, समोरच्याला काय ऐकायचं आहे ते हा बरोबर ओळखतो. त्या चौघांनीही त्याच्यावर असाच विश्वास टाकला असेल. पण टायपिस्टचं कोण ऐकणार, म्हणून मी गप्प बसले. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

घरचं कुणी फिरकलं नाही आणि कोर्टाची तारीख जवळ आली. डॉक्टरांनी त्या रकान्यात 'स्वतः' असं टाइप करायला सांगितलं. खाली निष्कर्ष: आरोपी वेडा नाही, आईच्या दुर्लक्षामुळे मन असे घडले. कोर्टात ते वाचलं गेलं, पेपरातही आलं. त्याला जन्मठेप झाली.

महिन्याभरानं त्याची आई आली. हातात पेपरचं कात्रण होतं. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"साहेब, हे तुमीच लिहलं न? गावातल्या बाया लेकरं माह्यापाशी बसू देत नाही. त्याच्या लहान भावालेही मीच वाढलं, त्याच ताटात. तो उमरेडले हातमागावर बसते. मंग तो काहून नाही असा झाला?"

डॉक्टरांनी पेन आडवं ठेवलं.

"मले माहीत नाही, माय."

"मंग मले काहून नाही विचारलं?"

 त्याच दुपारी डॉक्टरांनी कोर्टाला दुरुस्तीचं पत्र पाठवलं. रविवारी एसटीनं तिच्या गावी गेले. सोमवारी आल्या आल्या माझ्या टेबलाशी उभे राहिले.

"चावडीवर सगळ्यायसमोर सांगितलं, बाई. डॉक्टर चुकला, माय नाही चुकली."

"लोक काय म्हणाले?"

"उठून गेले." मग चष्मा पुसत म्हणाले, "निघताना तिनं मले बसवलं. भात वाढला. नको म्हटलं तरी दुसऱ्यांदा वाढला."

त्यांच्यावर माझा मनातून राग होता, तो तिथेच गेला. पुढेही ते खुनामागची कारणं सांगत, पण शेवटी "असं असू शकते" एवढंच म्हणत.

निवृत्त झाल्यावर वर्षभरात ते गेले. ऑफिसातलं त्यांचं जुनं कपाट आवरताना त्या अहवालाची कार्बन प्रत हाती आली. 'माहिती देणार' पुढचं, मी टाइप केलेलं 'स्वतः' खोडलेलं होतं. शेजारी शाईनं, त्यांच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: 'आई. उशिरा विचारलं.'