ठमी जेवते, गुंड्या थांबतो

बॅगांच्या चेन बदलून देणाऱ्या तिला सगळी गल्ली चेनवालीच म्हणायची. जिन्याखालचं एवढंसं दुकान, एक मशीन, खिळ्यांना टांगलेल्या तुटक्या बॅगा आणि बाजूला सतरंजीवर तिची जुळी, ठमी आणि गुंड्या. दोघांना सहावा महिना नुकताच सरला होता.

ठमी आता वरचं खायला तयार आहे, हे तिला केव्हाच कळलं होतं. टेकू दिला की पोरगी ताठ बसायची. मान डुगडुगत नव्हती. आईने डबा उघडला की आ वासून प्रत्येक घासामागे डोळे फिरवायची. गुंड्याचा कारभार मात्र निवांत. बसवला की पोत्यासारखा कलंडायचा आणि चमचा ओठाला लागला की जिभेने बाहेर ढकलायचा. दूध तेवढं पोटभर प्यायचा आणि खिदळायचा.

रविवारी घरात सगळे जमले असताना सासूबाईंनी कुस्करलेल्या भोपळ्याच्या दोन वाट्या आणल्या.

"ठमीला द्या," चेनवाली म्हणाली. "गुंड्याला आज नाही."

"म्हणजे? पोरगी खाणार आणि माझा नातू तोंडाकडे बघत बसणार?"

"तो कुठे बघतोय, आई? तो स्वतःचा अंगठा बघतोय."

नणंद फिसकन हसली. सासूबाईंचा पारा चढला. "मी तीन पोरं वाढवलीत!"

"मग तिन्ही एकाच वयात चालायला लागली का?"

सासूबाईंनी गुंड्याला मांडीवर घेतलं, हनुवटी धरली आणि चमचा आत सारला. पोराची मान मागे गेली, ठसका लागला. चेनवालीने त्याला ओढून घेतलं, पुढे झुकवलं. खोकून खोकून त्याचा घसा मोकळा झाला.

"पुन्हा असं करायचं नाही."

"अगं, आई आहे ती," नवरा पुटपुटला.

"आणि याची मी आहे."

मग सगळ्यांच्या देखत तिने ठमीला भरवलं. मुलीचे फार लाड चाललेत, असं दीर म्हणाले. "चाललेत," ती म्हणाली आणि वाटी खरवडली.

दुसऱ्या दिवशी तिने दोघांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी गुंड्याचं वजन केलं, त्याला बसवून पाहिलं. वजन छान वाढतंय, दूध चालू ठेव, थोडे दिवस थांब आणि पुढच्या आठवड्यात परत आण, म्हणाल्या. हे ऐकल्यावर सासूबाईंनी चमचा बाजूला ठेवला. तरी रोज दुपारी दुकानात येऊन नातवाजवळ बसायच्या.

अशाच एका दुपारी त्या केळं खात होत्या. बॅगेला टेकून बसलेल्या गुंड्याने एकदम पुढे झुकून त्यांचं मनगट धरलं आणि केळं तोंडाकडे ओढलं. सासूबाई थबकल्या.

"देऊ का गं?"

चेनवालीने त्याची मान पाहिली. स्थिर होती. "द्या. नीट कुस्करून."

पहिल्या घासाला त्याने तोंड वेडंवाकडं केलं, पण गिळलं. दुसऱ्याला आपणहून आ केला.

संध्याकाळी सासूबाई एका गिऱ्हाइकाला सांगत होत्या, "मीच ओळखलं हो!"

चेनवालीने मशीन थांबवलं. "ओळखलंत खरं. पण आधी मला विचारलंत, तेही सांगा."